विटेटसाहेबांच्या छपराखाली

परळच्या एखाद्या अस्सल मुंबईकराचं आयुष्य जरा ओळीने आठवून पाहा. जन्म वाडियात. थोडा मोठा झाल्यावर गोवर, कावीळ, गच्चीच्या कठड्यावरून पडून मोडलेला हात, या सगळ्यासाठी शेजारचंच केईएम. शाळेची सहल म्हणजे आधी म्युझियम, मग गेटवे, आणि मध्येच कुठेतरी बसून खाल्लेली पोळी-भाजी. पोरगा अभ्यासात चमकला तर सायन्स इन्स्टिट्यूट. बेताचा निघाला तर मामाच्या ओळखीने बॅलार्ड पियरला एखाद्या शिपिंग कंपनीत चिकटला. लग्नानंतर नव्या नवरीला मुंबई दाखवायची म्हणून पुन्हा गेटवे, लाँचमधून घारापुरी, भेळ, फोटो. पुढे चाळीच्या मालकाने पाणी तोडलं की धोबीतलावचं स्मॉल कॉजेस कोर्ट. आणि उतारवयात गुडघे आणि साखर यांच्या निमित्ताने परत केईएम.

या सगळ्या प्रवासात एक गृहस्थ त्याच्या सोबत असतात. त्यांना तो ओळखत नाही, त्यांचं नाव त्याने ऐकलेलं नाही, आणि ऐकलं तरी ते एखाद्या बिस्किटाच्या कंपनीचं वाटेल. जॉर्ज विटेट. वाडिया प्रसूतिगृह, केईएम, म्युझियम, गेटवे ऑफ इंडिया, सायन्स इन्स्टिट्यूट, त्याला चिकटून असलेला कावसजी जहांगीर हॉल, बॅलार्ड इस्टेट, टाटांचं बॉम्बे हाउस, धोबीतलावचं कोर्ट, या सगळ्यांचे नकाशे या एका माणसाच्या टेबलावरून गेले. मुंबईत इमारतीला आपलं नाव लागायचं तर तीनच मार्ग: पैसे द्या, फीत कापा, नाहीतर राजघराण्यात जन्म घ्या. रेघा ओढणाऱ्याची या यादीत सोय नाही. दात्याचं नाव दालनाला मिळतं, गव्हर्नरचं नाव कोनशिलेवर कोरलं जातं. ज्याच्या डोक्यातून ते दालन निघालं त्याचं नाव फाइलीत राहतं, आणि फाइलीचं पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

विटेटसाहेबांचा जन्म नोव्हेंबर १८७८ मधला, स्कॉटलंडातल्या ब्लेअर अ‍ॅथॉल नावाच्या डोंगराळ गावातला. तिथे घर बांधणाऱ्याला एकच काळजी: सूर्य वर्षातून जो काही थोडाफार उगवतो तो घरात कसा आणायचा. पर्थ गावातल्या हाइटन यांच्या कचेरीत ते काम शिकले, पुढे एडिंबरा आणि यॉर्कमध्ये त्यांनी उमेदवारी केली, आणि १९०४ मध्ये, पंचविशीत, मुंबईला येऊन उतरले. इथे प्रश्न नेमका उलटा होता. सूर्य घरात येऊ नये म्हणून काय करावं, आणि आलाच तर त्याच्यामागून चार महिने पाऊस येऊ नये म्हणून काय करावं? व्हरांडे, छज्जे, जाळ्या, उंच छतं हे सगळं त्यांना इथे शिकायला लागलं असणार. विटेटसाहेबांच्या इमारतीत भर मे महिन्यात शिरलं तरी जो गारवा लागतो तो पाहता, विद्यार्थी चांगला होता म्हणायचं.

त्यांना साहेब मिळाले तेही स्कॉटिशच. जॉन बेग हे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते आणि त्यांच्या डोक्यात तेव्हा विजापूरचा गोल घुमट बसला होता. त्याचा पुरावा म्हणजे आपलं जीपीओ. रजिस्टर्ड पत्र टाकायला गेलेला माणूस तिथल्या मधल्या दालनात वर बघतो आणि पाकीट कोणत्या खिडकीवर द्यायचं ते विसरतो. १९०८ मध्ये बेग हिंदुस्थान सरकारचे वास्तुविशारद झाले आणि मुंबई इलाख्याची गादी विटेटसाहेबांकडे आली. इलाखा तेव्हा केवढा, तर सिंधपासून धारवाडपर्यंत. म्हणून कराचीच्या पोर्ट ट्रस्टची घुमटवाली इमारतही यांचीच, १९१६ ची. फाळणीत जमिनीची, रेल्वेच्या डब्यांची आणि सरकारी टेबलखुर्च्यांची वाटणी झाली, तशी विटेटसाहेबांचीही झाली, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या आधीच्या पिढीतल्या मंडळींची तऱ्हा निराळी होती. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या इमारती ज्यांनी रेखाटल्या ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. लंडनला बसून नकाशे काढले आणि बोटीने धाडून दिले. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्क फ्रॉम होम. इमारती देखण्याच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पाहताना मला नेहमी वाटतं की या इथे उभ्या आहेत आणि मनाने दुसरीकडे आहेत. बोरीबंदर स्टेशन बांधणारे स्टीव्हन्स इथेच राहिले, तरी त्यांच्याही दगडातून युरोपातल्या जत्रेतले प्राणी आणि राक्षस डोकावतात. विटेटसाहेबांच्या वेळेपर्यंत फॅशन बदलली होती. सत्तावनच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना वाटू लागलं होतं की आपण परके न दिसता मोगलांचे, आदिलशहाचे रीतसर वारस दिसलो तर बरं. त्यातून ती इंडो-सारासेनिक नावाची शैली निघाली. हेतू राजकीय होता, थोडा लबाडच होता. पण एखाद्या सरकारी धोरणातून काहीतरी सुंदर निघण्याचे जे मोजके प्रसंग इतिहासात आहेत, त्यात याची नोंद करायला हरकत नाही.

आता म्युझियमचं पाहा. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. इमारतीसाठी जागा रीतसर मिळाली १९०७ मध्ये. आणि आराखड्यासाठी खुली स्पर्धा होऊन विटेटसाहेबांची निवड झाली १९०९ मध्ये. म्हणजे आधी भूमिपूजन, मग जमीन, मग नकाशा. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना या क्रमाबद्दल विनाकारण नावं ठेवली जातात. ही रीत त्यांनी साहेबाकडूनच घेतली आहे. इमारत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभी राहिली, तर तिथे लष्कराचं इस्पितळ उघडलं. म्युझियम म्हणून तिची दारं उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडला. तोवर पायाचा दगड बसवणारे राजपुत्र राजे होऊन अकरा वर्षं लोटली होती.

बाहेरून आपण ती इमारत इतक्यांदा पाहिलेली असते की पाहायची राहून जाते. घुमट गोवळकोंड्याच्या वळणाचा, आतल्या कमानींची मांडणी विजापूरच्या गोल घुमटाची. कोपऱ्याकोपऱ्यांवर लहान घुमट्या, बाहेर झेपावणारे सज्जे, जाळ्या. पण खरी मौज आत आहे. तिकीट काढून मधल्या दालनात या आणि लगेच उजवीकडच्या मूर्तींकडे वळू नका. गर्दी वळते, तिला वळू द्या. मध्यभागी उभं राहून खांब पाहा. खालचे खांब जैन मंदिरांच्या घडणीचे. नजर वर न्या, तर लाकूड दिसतं. कोरीव खांब, कठडा, सज्जा. अठराव्या शतकातल्या मराठी वाड्याचा सज्जा, अगदी ज्यावरून काकू खाली वाकून “कोण आलंय?” म्हणून विचारतात तो. नाशिकमधल्या एका जुन्या वाड्याची ही लाकडी कमानदार चौकट विटेटसाहेबांनी विकत घेतली आणि आपल्या दगडी दालनात वर बसवून दिली.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या खरेदीमुळे. विचार करा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाची इमारत, सरकारी पैसा, हाताशी इलाख्यातले उत्तम पाथरवट. नवं काहीही घडवून घेता आलं असतं. पण या माणसाने नाशिकच्या वाड्यातलं जुनं लाकूड पाहिलं, आणि त्याला कळलं की हे आपल्याला जमणार नाही, हे जसंच्या तसंच न्यायला हवं. एवढं कळायला वास्तुविशारदाजवळ बऱ्यापैकी नम्रपणा लागतो, आणि हा गुण त्या धंद्यात तेव्हाही फार आढळत नसावा. आज नाशिक-पुण्याचे वाडे पडतात तेव्हा त्यांचे खांब जुन्या बाजारातून कुणाच्या तरी फार्महाउसवर जातात किंवा थाळी रेस्टॉरंटच्या दारात गणपतीशेजारी उभे राहतात. त्या मानाने नाशिकच्या त्या सज्ज्याचं बरं झालं. त्याला म्युझियमची नोकरी लागली, तीही कायम.

आणि गंमत अशी की गोवळकोंडा, विजापूर आणि मराठ्यांचा वाडा ही सगळी मंडळी हयातभर एकमेकांच्या उरावर बसलेली. कुतुबशहाचं आदिलशहाशी पटलं नाही, मराठ्यांचं आदिलशहाशी वाजत राहिलं. त्यांना एका छपराखाली आणून गुण्यागोविंदाने नांदायला लावलं ते एका स्कॉटिश माणसाने, आणि त्यावर नाव लिहिलं इंग्लंडच्या युवराजाचं. १९९८ मध्ये ते नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. वरच्या सज्ज्याला तरी त्या दिवशी बरं वाटलं असेल.

या इमारतीचा दगड आणला कुठून, तर कुर्ल्याचा काळसर बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. विटेटसाहेबांची पिवळ्या दगडावर विशेष भिस्त. सायन्स इन्स्टिट्यूट त्याचीच, गेटवेही पिवळ्याच दगडाचा. संध्याकाळचं ऊन त्या दगडावर पडलं की तो मधासारखा दिसतो वगैरे आपण लेखक लोक लिहितो. खरं म्हणजे धुराने तो बराच काळवंडला आहे आणि धुऊन काढल्यावर अधूनमधून चमकतो. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. मालाड-कुर्ल्याहून रोज लाखो माणसं फोर्टात येतात आणि संध्याकाळी लटकत परत जातात. त्यांच्या कितीतरी आधी त्यांच्या गावचे डोंगर फोर्टात आले, आणि त्यांनी परतीचा पासच काढला नाही.

गेटवेकडे वळायला हवं, कारण विटेटसाहेबांचं नाव जिथे कुठे येतं तिथे ते गेटवेच्या शेपटाला येतं. त्याची हकीकत थोडक्यात अशी. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाचं स्मारक म्हणून ही कमान. राजेसाहेबांना म्हणे तेव्हा पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवरच समाधान मानावं लागलं. विटेटसाहेबांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये. रोमच्या विजयकमानीला त्यांनी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मशिदींचा साज चढवला होता. जाळ्या ग्वाल्हेरहून आल्या. पण कमान उभी करायची तिथे जमीन कुठे होती? आधी समुद्र हटवा, भराव घाला, धक्का बांधा. त्यातच १९१९ उजाडलं. आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तिचं उद्‌घाटन केलं. तेरा वर्षं. ज्या राजासाठी दार बांधलं तो पुन्हा इकडे फिरकलाच नाही.

बरं, मधल्या काळात जे खरोखर महत्त्वाचे पाहुणे आले तेही दाराशिवायच आले. ९ जानेवारी १९१५ रोजी मोहनदास करमचंद गांधी नावाचे बॅरिस्टर काठेवाडी पोशाखात, कस्तुरबांसह, याच अपोलो बंदरावर उतरले. तेव्हा इथे भरावाचीच तयारी चालली होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये पुढचे प्रिन्स ऑफ वेल्स उतरले तेव्हा काम चालूच होतं, आणि शहरात परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या होत्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण या कमानीखालून बोटीवर चढून गेली, त्यावर इतक्या जणांनी इतक्यांदा हळवं होऊन लिहिलं आहे की मी तो परिच्छेद वाचकांना माफ करतो.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुम्ही रीगलकडून चालत येता, ताजच्या घुमटाकडे बघत बघत समुद्रावर पोचता, आणि गेटवे समोर दिसतो. नीट पाहा. तो तुमच्याकडे पाहत नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत रुसून उभ्या राहिलेल्या मामांसारखा तो किंचित तिरका आहे. फोटोग्राफर मंडळींना हे पाठ आहे, म्हणून ती गिऱ्हाइकाला खांद्याला धरून दोन पावलं सरकवतात आणि “हां, इथे!” म्हणतात. तिरका का? तर विटेटसाहेबांनी गेटवे सरळच बांधला होता. त्याच्या समोरून शहरात जाणारा एक भव्य, सरळ हमरस्ता व्हायचा होता. त्या रस्त्यासाठी पैसेच उरले नाहीत. गेटवेला सुमारे २१ लाख रुपये लागले. आज त्या रकमेत कुलाब्यात एक गाडी उभी करण्याची जागा मिळणार नाही. तेव्हा त्यात २६ मीटर उंचीची कमान झाली, मधोमध घुमट झाला, शेकडो माणसं मावतील असं दालन झालं, आणि रस्ता मात्र राहिला. तो आजतागायत राहिला आहे.

मुंबईच्या नगररचनेचा सारा इतिहास मला या एका कोनात दिसतो. इमारत झाली, उद्‌घाटन झालं, भाषणं झाली, आणि तिथपर्यंत जायचं कसं ते पुढच्या अंदाजपत्रकात. पूल होतो आणि जोडरस्ता होत नाही, स्टेशन होतं आणि बाहेर पडायला गटारावरून उडी मारावी लागते. असल्या बातम्या वाचून ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांनी एकदा गेटवेसमोर जाऊन उभं राहावं. साक्षात सम्राटाच्या बाबतीत जे झालं ते आपल्या बाबतीत झालं तर मनाला एवढं लावून घेऊ नये. १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि त्या चौकाला एक धनी मिळाला. आता लोक महाराजांना पाहून मग कमानीकडे वळतात, आणि तिरकेपणा फारसा कुणाला जाणवत नाही.

खरं सांगायचं तर इमारत म्हणून गेटवे मला विटेटसाहेबांचं पहिल्या नंबरचं काम वाटत नाही. त्याला आत-बाहेर नाही. तिथून कुणी कुठे जात नाही. मांडव्याच्या लाँचसाठी निघालेला अलिबागकरसुद्धा कमानीखालून न जाता बाजूने, पिशवी सांभाळत, जिन्याकडे पळतो. त्याची थोरवी समोरच्या समुद्रामुळे आणि भोवतीच्या दाणे, कबुतरं, फुगे, माणसं या जत्रेमुळे आहे. ही जत्रा नकाशात नव्हती.

इतका विजापूर-गुजरात पचवलेला माणूस बॅलार्ड इस्टेटला आला आणि एकदम कॉलर कडक करून लंडनवासी झाला. अलेक्झांड्रा गोदीसाठी जी माती उपसली ती समुद्रात टाकून पोर्ट ट्रस्टने ही जमीन तयार केली, पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचं नाव तिला दिलं आणि सगळी आखणी विटेटसाहेबांकडे सोपवली. इथे ना घुमट, ना जाळी, ना छज्जा. सरळ रस्ते, एका उंचीच्या इमारती, एका शिस्तीतल्या खिडक्या, कोपऱ्यांवर गोलाई. कारण गिऱ्हाईक वेगळं होतं. बोटवाल्या कंपन्यांच्या गोऱ्या मॅनेजरला टेबलावरून मान वर केली की लंडनच दिसायला हवं होतं, विजापूर नव्हे. विटेटसाहेबांनी दाखवून दिलं. याला कुणी तत्त्वशून्यता म्हणेल. मी म्हणेन की ज्याच्यासाठी बांधायचं त्याचं ऐकून घेणं हेच त्यांचं तत्त्व होतं. आज रविवारी तिथे कॅमेरेवाले येतात, चार लाल-काळ्या छत्र्या उघडतात आणि परदेश चित्रित करून जातात. हाडाचा मुंबईकर मात्र तिथे ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायला जातो आणि पोटभर जेवून त्या रुंद, झाडांच्या फुटपाथवरून चालताना चकित होतो की मुंबईत असे फुटपाथ असतात.

धोबीतलावच्या कोर्टाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथे ज्यांची तारीख चालू आहे असे वाचक हा अंक वाचत असतील आणि त्यांची जखम ओली असेल. एवढंच सांगतो की पागडी, भाडं, पोटभाडेकरू आणि जिन्याखालची खोली यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या माणसांसाठी इतकी रुंद आणि रुबाबदार वास्तू क्वचितच कुणी बांधली असेल. आजोबांनी लावलेल्या दाव्याची तारीख घ्यायला नातू येतो तेव्हा निदान जिना तरी भारदस्त मिळतो. कावसजी जहांगीर हॉलचं उलट झालं. तिथे एकेकाळी सभा गाजायच्या, गाणी व्हायची. आता तिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि लोक एकेका चित्रासमोर हाताची घडी घालून गप्प उभे राहतात. विटेटसाहेबांनी तो आवाजासाठी बांधला होता.

१९१७ मध्ये मुंबईच्या वास्तुविशारदांनी आपली संस्था काढली, तीच पुढे वाढत वाढत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. पहिले अध्यक्ष विटेटसाहेबच. दोनच वर्षांनी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेले. पिकलेली सरकारी नोकरी चाळिशीत सोडणारा माणूस मराठी घरात असता तर त्याला काय काय ऐकावं लागलं असतं, याची कल्पना करवत नाही. टाटांकडे गेल्यावर बॉम्बे हाउस झालं, १९२४ मध्ये. बाहेरून अगदी साधं, बडेजाव नसलेलं, टाटांच्या स्वभावाला शोभेल असं. तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुक्तद्वार असतं, आणि २०१८ च्या डागडुजीत त्यांच्यासाठी वेगळी खोलीही निघाली. फोर्टात हक्काची जागा मिळवणं माणसांना जमत नाही ते या मंडळींनी करून दाखवलं.

आणि मग परळ. केईएमची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज होतं, पण तिथल्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या. कितीही शिकलेला हिंदी डॉक्टर असो, त्याला त्या खुर्चीपर्यंत पोचू देत नसत. तेव्हा सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून नवं कॉलेज निघालं आणि देणगीला अट अशी की शिकवणारे सगळे हिंदी असले पाहिजेत. शेजारच्या हॉस्पिटलाला मात्र नाव सातव्या एडवर्डचं. म्हणजे नाव इंग्लंडच्या राजाचं, नकाशा स्कॉटिश माणसाचा, आणि आत प्राध्यापक म्हणून एकही गोरा चालणार नाही. विटेटसाहेबांनी हे काम घेतलं, मन लावून केलं आणि लांबच लांब व्हरांड्यांची, वारा खेळेल अशी इमारत गिरणगावाच्या मधोमध उभी केली. १९२६ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. लगतचं वाडिया प्रसूतिगृहही त्याच सुमाराचं. त्या व्हरांड्यांत किती गिरणी कामगार, किती बाळंतिणी, किती नातेवाईक सतरंज्या टाकून राहिले असतील त्याला गणती नाही. गेटवेवर सम्राटाची वाट पाहिली गेली आणि तो आला नाही. इथे कुणाची वाट पाहायची गरजच पडली नाही. पहिल्या दिवसापासून गर्दी आहे.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला विटेटसाहेब मुंबईतच गेले. आमांशाने. वय अवघं सत्तेचाळीस. बावीस वर्षांत शहराचा चेहरा बदलणाऱ्या माणसाला शेवटी मुंबईच्या पोटाच्या दुखण्याने नेलं, जसं तेव्हा हजारो सामान्य मुंबईकरांना नेत असे. ब्लेअर अ‍ॅथॉलला ते परत गेले नाहीत. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं, आणि बोरीबंदरवाले स्टीव्हन्सही तिथेच विसावले आहेत. दोघांची जागा परळच्या हॉस्पिटलांपासून फार लांब नाही.

तेव्हा एक विनंती. त्यांच्यासाठी शिवडीला हार घेऊन जावं, रस्त्याला नाव द्या म्हणून अर्ज करावा, असं काही म्हणत नाही. अर्ज केला तर पुन्हा रस्त्यासाठी पैसे नसल्याचं उत्तर यायचं. पण कधी केईएमच्या ओपीडीच्या रांगेत नाहीतर धोबीतलावच्या कोर्टात तारखेची वाट पाहत बसायची वेळ आली, तर मोबाइल खिशात ठेवा आणि छताकडे, कमानींकडे, खिडक्यांकडे जरा नीट पाहून घ्या. या दोन्ही ठिकाणी वेळ भरपूर मिळतो.